झोपडी, कुत्रं आणि 'सावकारी पाश'

'सावकारी पाश' हा भारतातला पहिला वास्तववादी चित्रपट, हे वाक्य आपल्या चित्रपट-इतिहासांत इतक्यांदा आलं आहे की आता ते पाढ्यासारखं म्हटलं जातं. गंमत अशी, की ते लिहिणाऱ्या बहुतेकांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, आणि त्यांना तो पाहता येणं शक्यही नव्हतं. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली काढलेल्या या मूकपटाची प्रत आज उरलेली नाही. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा नारायण हरी आपटे यांची, झुंझारराव पवार सावकाराच्या भूमिकेत, सोबत कमलादेवी. आणि सावकाराच्या तावडीत सापडलेला तरुण शेतकरी झाला होता कंपनीतला एक हरकाम्या पोरगा, शांताराम राजाराम वणकुद्रे. व्ही. शांताराम या नावाने पुढे तो जगाला माहीत झाला. पडद्यावर नायक म्हणून मध्यभागी उभं राहण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

न पाहिलेल्या कलाकृतीचं रसग्रहण करायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. पण मराठी माणसाने तो विचारू नये. १९२१ च्या जुलैमध्ये केशवराव भोसले आणि बालगंधर्व एकत्र उभे राहिले, त्या 'संयुक्त मानापमाना'बद्दल आपण आजही तिसऱ्या रांगेत बसून आल्यासारखे बोलतो. नाटकाचं ते भाग्यच, प्रयोग संपला की तो ऐकणाऱ्या-सांगणाऱ्यांचा होतो. सिनेमा मात्र पेटीत भरून ठेवता येतो असा आपला समज. तो पेटीतूनच नाहीसा झाला की त्याच्याकडेही नाटकासारखंच पाहावं लागतं: कोण उभं होतं, कशाच्या पुढे उभं होतं, उजेड कुठून येत होता, आणि पाहणाऱ्याच्या मनात काय राहिलं.

उजेडापासून सुरुवात करू, कारण बाबूराव मुळात रंगाचे माणूस. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ असे गुंडाळी पडदे, ज्यांत खोली ही निव्वळ कुंचल्याची करामत असते. आनंदराव १९१६ साली गेले. दोघांनी मिळून पाहिलेलं सिनेमाचं स्वप्न बाबूरावांनी पुढे नेलं, तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं, शाहू महाराजांचा आधार मिळाला, आणि हाताने घडवलेल्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' उतरली. फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात ती लागली. टिळकांनी 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. ही सगळी कथा कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिच्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट तेवढी सांगितली जात नाही. पडदे रंगवून नाव मिळवलेल्या या माणसाने आपल्या चित्रपटांतून रंगवलेले पडदे हळूहळू काढून टाकले आणि उभे, भरीव देखावे बांधले. पात्रांची आणि पोशाखांची रेखाटनं तो आधी कागदावर करून घेई. 'सिंहगड'च्या वेळी, १९२३ मध्ये, त्याने कृत्रिम दिव्यांवर रात्र चित्रित केली. सूर्य जिकडे असेल तिकडे तोंड करून नट उभा करायचा, हा तेव्हाचा रिवाज. दिवे हातात आल्यावर काय उजेडात ठेवायचं आणि काय अंधारात, हे चित्रकार ठरवू लागला.

त्या काळची फिल्मही चमत्कारिक. तिला लाल रंग दिसतच नसे. कपाळावरचं कुंकू काळं उमटे, तांबडं पागोटं काळं, आणि निळंभोर आभाळ पांढरंफटक. उन्हात रापलेला चेहरा असायचा त्याहून गडद दिसे. देवादिकांच्या गोष्टींत ही अडचण होती, म्हणून तोंडाला पांढरा रंग फासत. शेतकऱ्याच्या गोष्टीत तीच अडचण कामाला येऊ शकते. बाबूरावांना ती कळली नसेल असं मला वाटत नाही. छटांचा हिशेब ज्याच्या बोटांत आहे त्याला काळ्या-पांढऱ्यातला रापलेपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता कथा. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर शेतकऱ्याची जमीन बळकावतो. शेतकरी गाव सोडून शहरात जातो आणि गिरणीत कामाला लागतो. एवढंच. आपल्याला हे आज इतकं परिचित आहे की त्यात नवल वाटत नाही. मधल्या काळात 'दो बिघा जमीन' येऊन गेला, 'मदर इंडिया'तला कन्हैयालालचा सुखीलाला येऊन गेला. पण १९२५ साली पडद्यावर चाललं होतं ते कृष्ण, सीता, सावित्री, शिवाजी. धीरेन गांगुलींचा 'बिलेत फेरत' १९२१ मध्ये बंगालात येऊन गेला होता, म्हणून सामाजिक विषयाचा मान एकट्या 'सावकारी पाशा'ला देऊन टाकणं बरोबर नाही. पण 'बिलेत फेरत' ही विलायतेहून परतलेल्या बाबूची थट्टा होती. कर्जात बुडालेला कुणबी हा थट्टेचा विषय नव्हता आणि देव्हाऱ्यातलाही नव्हता.

शिवाय ही गोष्ट कोल्हापूर-पुण्याच्या प्रेक्षकाला परकी नव्हती. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि तो वणवा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला, तेव्हा त्यांना हवे होते ते कागद: कर्जरोखे, खतं, गहाणखतं. ते मिळाले की जाळले. बऱ्याच ठिकाणी माणसाच्या अंगाला हातही लावला नाही. चार वर्षांनी सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ साली. म्हणजे चित्रपट पाहायला बसलेल्यांतल्या म्हाताऱ्यांनी दंग्यांच्या गोष्टी आपल्या बापाच्या तोंडून ऐकलेल्या असणार.

आणि या चित्रपटाचं सगळ्यांत मोठं नाट्य मला त्या कागदातच दिसतं. मूकपट बोलत नाही, लिहितो. दोन दृश्यांच्या मध्ये अक्षरांची पाटी येते आणि पुढची गोष्ट त्या अक्षरांवर चालते. १९२१ च्या जनगणनेत देशात शंभरातले सात-आठ लोक साक्षर होते. थिएटरात पुढच्या, स्वस्तातल्या जागांवर बसलेल्यांना पाटी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवी. शेजारी शाळेत गेलेला पोर असला तर तो वाचे, नाहीतर थिएटरवाल्यांचा माणूस. आता ही मांडणी पाहा. पडद्यावर एका शेतकऱ्याला अक्षरांनी फसवलं जातं आहे. आणि खाली बसलेला शेतकरी ती फसवणूक दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवून समजून घेतो आहे. सावकारासमोर अंगठा उठवताना तरी त्याने दुसरं काय केलेलं असतं? कारकून वाचून दाखवतो, आपण मान डोलावतो. बोलपटात ही धार राहूच शकत नाही, कारण तिथे सावकार बोलतो आणि त्याचा खोटेपणा आवाजात कळतो. मूकपटात खरा कागद आणि खोटा कागद सारखेच दिसतात, आणि पाटीवरचं अक्षर तर दोघांहूनही गोजिरं असतं. बाबूरावांनी हे जाणूनबुजून योजलं होतं का, हा वाद मी घालणार नाही. माध्यमातच ते होतं आणि विषय निवडताच ते जागं झालं.

मध्यभागी उभ्या असलेल्या मुलाकडे वळू. शांतारामचा जन्म नोव्हेंबर १९०१ चा, म्हणजे तेव्हा वय तेवीस-चोवीस. लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत काही काळ काढलेला, हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात फिटरच्या हाताखाली काम केलेलं, तिथल्याच पत्र्याच्या सिनेमा थिएटरात दारावर उभं राहून फुकटात सिनेमे पाहिलेले. मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने तो पेंटरांच्या कंपनीत शिरला. या कंपनीत नट म्हणून कुणी नुसता नट नसे. सामान उचलणं, झाडणं, रसायनशाळेत फिल्म धुणं, जोडणं, सगळं करावं लागे. १९२१ च्या 'सुरेखा हरण'मध्ये तो कृष्ण झाला. 'सिंहगड'मध्ये शेलारमामा, म्हणजे विशीतल्या पोराला पांढऱ्या दाढीमिश्या. एकदा मुकुटाने चेहरा झाकलेला, एकदा दाढीने.

'सावकारी पाशा'त झाकायला काहीच नव्हतं. शेतकऱ्याची भूमिका, ती पण स्वतःच्याच वयाची. नटाला सगळ्यांत अवघड जातं ते हेच. मुकुट घातला की अर्धी भूमिका मुकुट करतो. दाढी लावली की म्हातारपणाची चाल आपोआप येते. नुसतं उभं राहायला शरीर लागतं, आणि या मुलाकडे ते होतं. कारखान्यात हातोडा चालवलेल्या माणसाचे खांदे नाटक कंपनीत वाढलेल्या पोरापेक्षा वेगळे लोंबतात. मूकपटात वाक्य नसल्यामुळे भूमिकेचा भार अशा गोष्टींवर पडतो: ओझं खाली ठेवल्यावर हात कुठे जातात, सावकाराच्या ओट्यापाशी पाऊल कुठे थबकतं.

शांतारामबापूंच्या अभिनयाबद्दल माझं मत फारसं भाविक नाही. दिग्दर्शक म्हणून त्यांच्यापुढे हात जोडावेत. नट म्हणून ते अनेकदा पोझ घेतात, आणि पोझ घेतल्याचं आपल्याला कळेल एवढा वेळ ती धरून ठेवतात. 'स्त्री'मधला साठीला टेकलेला दुष्यंत पाहून मी आजही ओशाळतो. पण एक सूत्र निघतं. दागिने, जरी, मुकुट, गाणं यांतलं काही अंगावर असलं की ते वाहवतात. काही नसलं की आवरतात. डॉ. कोटणीस ठीक, 'दो आँखे बारह हाथ'मधला तुरुंगाधिकारी आदिनाथ उत्तम. गदिमांच्या कथेवरचा तो १९५७ चा चित्रपट. उघड्या रानात सहा खुन्यांना घेऊन आदिनाथ जमीन कसतो, भाजी पिकवतो, स्वस्तात विकतो म्हणून बाजारातले व्यापारी त्याच्यावर उलटतात, आणि शेवटी बैलांच्या झुंडीत तो जातो. जमीन, पीक, बाजार, फसवणूक. नट म्हणून त्यांचं सर्वोत्तम काम पुन्हा त्याच मातीत झालं जिथे नायक म्हणून पहिलं झालं होतं, याला मी योगायोग म्हणायला तयार आहे, पण जरा नाखुशीनेच.

गिरणीचा भाग झपाट्याने सांगतो, कारण त्याच्याबद्दल पडद्यापेक्षा पडद्याबाहेरच जास्त घडत होतं. १९२५ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरण्यांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. डिसेंबरात सरकारने कापडावरचं उत्पादन शुल्क उठवल्यावर कपात मागे घेतली गेली. त्या कामगारांतले कितीतरी रत्नागिरी-साताऱ्याच्या गावांतून असेच निघून आलेले, गावाकडे कर्ज ठेवून. म्हणजे आपट्यांच्या कथेतला माणूस सावकाराकडून सुटला असं समजायचं कारण नाही. त्याने फक्त खातं बदललं.

इथवर आपण चित्रपटाच्या कडेकडेने चाललो. आत शिरायला एकच दार आहे, आणि ते जे. बी. एच. वाडियांनी उघडून दिलं. वाडिया म्हणजे वाडिया मूव्हीटोनचे धनी, 'हंटरवाली'चे निर्माते. घोडे, चाबूक, धावत्या गाड्यांचे टप यांच्यावर ज्यांचं घर चाललं ते. या माणसाच्या आठवणीत राहून गेलं काय, तर एक लाँग शॉट. उदास, अंधुक झोपडी, प्रकाश अगदी कमी, आणि त्या सगळ्याला उठाव देणारं फक्त एका कुत्र्याचं रडणं. ते आठवलं की आपली तंद्री लागते, असं त्यांनी लिहून ठेवलं. 'सावकारी पाशा'वर लिहिणारा प्रत्येकजण ही झोपडी उचलतो. मूकपटाच्या वास्तववादाचा पुरावा म्हणून ती दाखवली जाते.

पण मूकपटात कुत्रं रडेल कसं?

वाडियांचं म्हणणं नीट वाचलं तर उत्तर तिथेच आहे. मूक 'सावकारी पाश' आपल्याला पुसटसा आठवतो, असं ते म्हणतात. बाबूरावांची थोरवी कळली ती बोलपट पाहिल्यावर. बाबूरावांनी हीच कथा १९३६ साली कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी पुन्हा केली, आता आवाजासह. झोपडी आणि कुत्रं त्या दुसऱ्या 'सावकारी पाशा'तली. म्हणजे हरवलेल्या चित्रपटाचा सर्वांत गाजलेला क्षण त्या चित्रपटातला नाहीच. शांतारामही त्या झोपडीच्या आसपास नाही. तो तेव्हा पुण्याला प्रभातमध्ये होता.

यामुळे मूकपटाची किंमत कमी होते असं मला वाटत नाही. उलट हा गोंधळच सांगतो आहे की बाबूरावांनी काय राखलं आणि काय मिळवलं. आवाज आल्यावर पहिल्या पाचेक वर्षांत सगळ्यांनी काय केलं? गाणी. एकेका चित्रपटात डझनावारी गाणी, वर न थकणारे संवाद. बाबूरावांकडे अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट होती, तिच्यातला माणूस होता, अंधार कसा रंगवायचा हे त्यांना आधीपासून येत होतं. त्या झोपडीच्या दृश्यात आवाज घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी माणसाला बोलतं केलं नाही, गातं केलं नाही. कुत्र्याला रडवलं. खेड्यात वाढलेल्या प्रेक्षकाला त्या रडण्याचा अर्थ विचारावा लागत नाही. रात्री कुत्रं हेल काढून रडू लागलं की घरातली बाई दार उघडून त्याला हाकलते, कारण ते कुणाचं तरी मरण बघतं आहे असा समज. वाडियांच्या आठवणीतल्या त्या झोपडीत हाकलायला कुणी बाहेर येत नाही. एका मूकपटकाराने वापरलेला हा आवाज आहे. ज्याने वर्षानुवर्षं आवाजाशिवाय काम केलं, त्यालाच एका आवाजाचं वजन कळतं.

आणि मग शिष्याकडे पाहावं. १९३७ साली, म्हणजे पुढच्याच वर्षी, शांतारामांनी 'कुंकू' काढला. कथा पुन्हा नारायण हरी आपटे यांचीच, 'न पटणारी गोष्ट'. त्यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचा लंबक, म्हाताऱ्या काकासाहेबांची काठी, खोकला, दाराची कडी, वाड्यात उमटतील तेवढेच आवाज. केशवराव दाते आणि शांता आपटे यांच्यामधलं सगळं वैर त्या घड्याळाने मोजलं आहे. 'कुंकू'ची ही करामत आपण शांतारामांच्या प्रतिभेच्या खात्यावर लिहितो, ते योग्यच. तरी गुरू १९३६ मध्ये कोल्हापुरात एका कुत्र्याच्या आवाजावर अख्खं दृश्य तोलतो, आणि १९२९ साली त्याची कंपनी सोडून दामले, फत्तेलाल, धायबर यांच्याबरोबर बाहेर पडलेला शिष्य पुढच्याच वर्षी पुण्यात एका घड्याळाच्या आवाजावर अख्खा चित्रपट तोलतो. दोघांचा लेखक एक, आणि दोघं एका मूकपटात दिग्दर्शक आणि नायक म्हणून एकत्र राबलेले. कुणी कुणाकडून घेतलं हे शोधण्यात मला रस नाही. शांततेची शाळा एकच होती.

त्या शाळेची पहिली परीक्षा मात्र नापासाची. १९२५ चा 'सावकारी पाश' चालला नाही. पौराणिकांवर आणि इतिहासावर पोसलेल्या प्रेक्षकाला स्वतःच्या घरचं दुखणं तिकीट काढून पाहायचं नव्हतं. बाबूराव परत पोशाखी चित्रपटांकडे गेले. १९२७ च्या त्यांच्या 'मुरलीवाला'चे तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. ते संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, तोवर बहुतेक सगळं संपलं होतं. तेराशेच्या वर मूकपट या देशात निघाले, त्यांतले पूर्ण किंवा फाटके मिळून आज तीसच्या आसपास उरलेत. नायट्रेटची फिल्म पेट घेते, कुजते; बोलपट आल्यावर तिला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा तिच्यातली चांदी काढून घ्यायलाही ती विकली गेली. सावकारावरच्या चित्रपटाचं हेही झालं असेल, की शेवटी त्याच्या अंगावरची चांदीच मोजली गेली.

कुठल्या माळ्यावर एखादा डबा सापडला आणि त्यातलं एकच रीळ पाहता येणार असेल, तर मला झोपडीचं नको. ती वाडियांनी दिली आहे, आणि ती तशीही दुसऱ्या चित्रपटातली. शहराचं नको, गिरणीचंही नको. कागदाचं रीळ हवं. सावकार खत पुढे करतो तेव्हा बाबूरावांनी कॅमेरा कागदावर नेला की नाही, आणि तो चेहऱ्यावर ठेवला असेल तर समोर धरलेल्या त्या अक्षरांकडे तेवीस वर्षांचा शांताराम कसा पाहतो.